चार, दोन किंवा एकही नाही

+ x⁵

मन्मथ बिडवे फळ्यावर गणित सोडवत नसे.

"सोडवणारे लातुरात रग्गड आहेत," तो पहिल्याच तासाला सांगे. "आपल्याला सोडवायचं नाही. ओळखायचं. चार पर्याय दिलेत, तीन मारायचे, उरलेल्यावर बोट ठेवायचं."

त्रिज्या क्लासेसच्या मोठ्या हॉलमध्ये पोरं हसत आणि हसता हसता शिकत. बहुपदीच्या शून्यांचा, म्हणजे तिची किंमत शून्य करणाऱ्या x चा, धडा तर त्याचा हातखंडा.

"बहुपदी उतरत्या घातांनी मांडा. आकडे विसरा, फक्त चिन्हं बघा. अधिक, उणे, अधिक. चिन्ह किती वेळा पालटलं? जास्तीत जास्त तेवढी धन शून्यं. नाहीतर त्याहून दोन कमी, नाहीतर चार कमी. दोन-दोननंच का? कारण जी शून्यं रेषेवर येत नाहीत ती कॉम्प्लेक्स होतात, आणि कॉम्प्लेक्स कधी एकटं हिंडत नाही. जोडीनं जातं. नवीन लग्न झाल्यासारखं." हशा. "ऋण शून्यांसाठी x च्या जागी उणे x घाला, पुन्हा मोजा. परीक्षेत नेहमी कमाल विचारतात, म्हणून पहिला आकडा घ्यायचा आणि पुढं चालायचं. आणि एखादं पदच नसलं, जागा रिकामी असली, तर?"

"उडी!" अख्खा हॉल ओरडे. ते पद सोडून पुढचं चिन्ह धरायचं.

घरी शांभवी त्या तासांचा आवाज साफ करायची. कान हा तिचा विषय. शहरातल्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या कानांत तिनं बसवलेली यंत्रं होती. लग्नानंतर तिनं नवऱ्याची रेकॉर्डिंगंही हाती घेतली. पंख्याची घरघर काढायची, फाटलेला आवाज शिवायची.

"तुमची 'उडी' फाटायलीय, सर," हेडफोन न काढताच ती म्हणायची. घरातही ती त्याला सरच म्हणे. चिडवताना लांबवून, लाडात आखूड.

"पोरं ओरडतात. मी नाही."

"आधी तुम्हीच ओरडता. पोरं नंतर."

आपला आवाज दिवसभर तिच्या कानात असतो हे मन्मथला आवडे. दुसऱ्या कुणाचा नसतो, हे जरा जास्तच आवडे.

− x⁴

मनगटावर बांधायचा जोडपट्टा तोवर घरोघरी झाला होता.

पट्ट्याला मन कळत नाही. त्याला नाडी कळते, कातडीचा ओलावा कळतो, आवाज किती चढला ते कळतं. जोडीदाराचं नाव फोनवर उमटलं की नाडी कशी हलते, तो खोलीत आला की माणूस कुठल्या बाजूला वळतं, उत्तर द्यायला किती थांबतं. यातून पट्टा प्रत्येक दिवसाची एक संख्या काढतो. तिला म्हणतात ओढ. अधिक म्हणजे जवळ, उणे म्हणजे लांब. जुने कॉल आणि निरोप दिले की तो मागचे दिवसही भरून काढतो, अगदी पहिल्या कॉलपासून. मग त्या सगळ्या ठिपक्यांमधून एक वक्र जातो, पाचव्या कोटीची बहुपदी, म्हणजे x च्या पाचव्या घातापर्यंत जाणारी. अहवाल काढाल तो दिवस म्हणजे आरंभबिंदू, तिथं x शून्य. डावीकडं झालेलं, उजवीकडं होणारं. वक्र जिथं रेषा ओलांडतो तिथं ओढ शून्य.

सुरुवातीला कंपन्या थेट तारीख सांगत. मग लोक त्या तारखेला खरोखरच वेगळे होऊ लागले. काही जण वकिलाची वेळ आधीच घेऊन ठेवत. वक्र खरा होता की वाचून माणसांनी तो खरा केला, हे कुणालाच ठरवता येईना. शेवटी कायदा आला. तारीख नाही, आकडे नाहीत. अहवालात सहगुणकांची फक्त चिन्हं. सहगुणक मोजमापाच्या गोंगाटात हरवण्याइतका लहान असला, तर चिन्हही नाही, नुसती मोकळी चौकट.

लोकांनी त्यातूनही वाट काढली. साखरपुड्यात पत्रिकेबरोबर चिन्हं जुळवू लागले. चिन्हांवरून शून्यं कोणकोणत्या प्रकारची असू शकतात हे सांगणारा गणिताचा मास्तर मांडवात मानाचा झाला. मन्मथला टोप्या-टॉवेल मिळू लागले.

"बिडवे," फिजिक्सचे गव्हाणे सर स्टाफरूममध्ये चहा फुंकत म्हणाले, "लोकांच्या बायकांची शून्यं मोजत हिंडता. घरचा फळा कोराच का हो?"

सगळे हसले. मन्मथही हसला. संध्याकाळी तो दोन पट्टे घेऊन घरी गेला.

"मला काय विचारायचं ते तोंडानं विचारा की," शांभवी म्हणाली. पण तिनं हात पुढं केला.

महिन्यानं अहवाल आले. मन्मथचा सरळ होता, सहाही चिन्हं अधिक. एकही पालट नाही, म्हणून पुढं एकही शून्य नाही. त्याला ते छाती फुगवून सांगावंसं वाटलं. मग त्यानं तिचा उघडला.

+ − + − − +

पालट चार. म्हणजे पुढं शून्यं चार, दोन किंवा एकही नाही. उणे x घालून पाहिलं, पालट एक. एकातून दोन कमी करता येत नाहीत, म्हणून मागं नक्की एक. पक्कं.

चार म्हणजे ती दोनदा जाणार आणि दोनदा परत येणार. परत येणार, याकडं त्याचं लक्ष गेलं नाही. 'एकही नाही' हा पर्याय त्यानं वाचला, पण सवयीनं मारून टाकला. आणि मागचं ते एक त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं.

कधी? कुणासाठी?

+ x³

सोलापूरहून फोन आला तेव्हा शांभवी भाकरी थापत होती. हात पिठाचे, म्हणून तिनं तो कोपरानं स्पीकरवर घेतला.

"शांभवी, वल्लभ बोलतोय. ऐक, मशीन आलं!"

वल्लभ आराध्ये तिच्या कॉलेजातला. जन्मापासून न ऐकलेल्या मुलांसाठी तो सोलापुरात केंद्र काढत होता. डोक्याच्या हाडाआड बसवलेलं यंत्र पोराला पहिल्यांदा आवाज देतं, पण तो किती द्यायचा, कसा द्यायचा, हे कुणीतरी समोर बसून जुळवावं लागतं.

"पहिला आवाज तूच लावायचा. तुझ्यासारखा कान माझ्याकडं नाही. आठवड्याला दोन दिवस येशील?"

"येते की!" शांभवी हसली. नाकातून सुरू होऊन मोकळं होणारं ते हसू मन्मथच्या ओळखीचं होतं. ते आपल्या एकट्याच्या ओळखीचं आहे असं त्याला आजवर वाटत होतं.

फोन बंद झाला. तव्यावरची भाकरी फुगली.

"येते म्हणालीस. विचारलं नाहीस."

"तुम्ही इथंच होता की, सर. ऐकलंत. विचारायचं काय राहिलं?"

"'ऐक' म्हणाला तो. एकेरी."

"वर्गातला आहे. मी पण त्याला अरेच म्हणते. तुमचे गव्हाणे सर वहिनी वहिनी करत माझ्याच ताटातला पापड उचलतात, ते चालतं."

यावर हसायला हवं होतं, म्हणून तो हसला.

प्रश्न: मागचं एक शून्य कुणामुळं?
(अ) वल्लभ आराध्ये
(ब) वल्लभ आराध्ये, पण त्याच्या नकळत
(क) दुसरं कुणी, ज्याचं नाव वल्लभला माहीत आहे
(ड) वरीलपैकी सर्व

मन्मथ तीन पर्याय मारायला बसला. एकही मरेना. भाकरी गार झाली.

− x²

पहिल्या आठवड्यात त्यानं "पोचलीस का" एवढंच विचारलं. दुसऱ्या आठवड्यात "जेवलीस का". तिसऱ्यात "कुणाबरोबर". मग तासाच्या मधल्या सुट्टीत, मग तास चालू असताना. पोरांना चाचणी द्यायची, बाहेर जायचं आणि फोन लावायचा.

चाराचा विचार करून थकला की तो दोनाचा करे. पुढं दोन शून्यं असली, तर उरलेली दोन कॉम्प्लेक्स. वक्र बहुधा कुठंतरी रेषेकडं झुकतो, अगदी जवळ जातो आणि न शिवता माघारी फिरतो. मन्मथला ती जोडी जास्त जाळी. घडलेलं पकडता येतं. न घडलेलं कसं पकडणार? एकत्र चहा, एकत्र काम, दोघांची बोटं एकाच बटणाजवळ, आणि काहीच झालेलं नाही. असल्या काहीच-नाहीवर तो दिवसचे दिवस जळू शके.

एका दुपारी तिनंच फोन केला.

"सर, ऐका ना! आज एका पोरीला पहिला आवाज लावला. चार वर्षांची आहे. आईनं हाक मारली, तर ती आईकडं बघायचं सोडून छताकडं बघायला लागली. आवाज म्हणजे काय, तो कुठून येतो, तिला कुठं माहीत? मग आईनं परत हाक मारली, आणि पोरगी—"

"मागं कोण हसतंय?"

"काय?"

"आत्ता कुणीतरी हसलं. पुरुषाचा आवाज आहे."

पलीकडं तिनं दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"त्या पोरीचा बाप आहे, सर," शांभवी म्हणाली. "हसत नाही. रडायलाय."

"बरं. मग काय केलं पोरीनं?"

"काही नाही. ठेवते."

तिच्या मनगटावरच्या पट्ट्यानं तो क्षण टिपला. त्याला शब्द कळत नव्हते. नाडी कळत होती.

− x

"ते एक कोणतं?" मन्मथनं रविवारी जेवताना विचारलं.

"कोणतं एक?"

"मागचं शून्य. पुढच्याला चार, दोन असे पर्याय आहेत. मागच्याला नाहीत. एक म्हणजे एक. कधीचं ते?"

शांभवीनं वरण वाढता वाढता पळी थांबवली. "सोडवून बघा की."

"आकडे देत नाहीत. कायदा आहे."

"मग मला विचारा."

"विचारतोयच की इतके दिवस!"

"विचारत नाही, सर. तुम्ही पर्याय देताय. वल्लभ, नाहीतर वल्लभचा मित्र, नाहीतर सगळेच. यात माझं उत्तर कुठल्या ओळीत लिहू?"

"उत्तर सोपं असतं तर दिलं असतंस."

"सोपंच आहे," ती म्हणाली, "म्हणून तर तुम्हाला ते दिसत नाही." आणि तिनं त्याच्या पानात वरण वाढलं, न सांडता, भाताच्या बरोबर मधोमध. त्याच्याकडं पाहिलं मात्र नाही.

स्टाफरूममध्ये गव्हाणे सरांनी त्याचा उतरलेला चेहरा पाहिला. आता त्यांच्या थट्टेत धार नव्हती.

"बिडवे, चार हा कमाल आहे हो. 'एकही नाही' हाही पर्यायच की."

"परीक्षेत कमाल विचारतात."

"अहो, पण ही परीक्षा लावली कुणी?"

मन्मथनं खिशातून फोन काढला. सोलापूरला फोन लावायची वेळ झाली होती.

पुढच्या पंधरवड्यात घरात भांडण झालं नाही. शांभवी विचारलेल्याला उत्तर देई. पोचले. जेवले. एकटीच. रात्रीचा डबा झाकून ठेवी. फोनवर त्याचं नाव उमटलं की ती आधी स्क्रीनकडं पाही आणि मग थोडं थांबून उचले. एक दिवस वर्गात पहिल्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "सर, रेकॉर्डिंगमध्ये तुमचा आवाज लई फाटायलाय. आधी नव्हता फाटत."

शांभवीनं रेकॉर्डिंग साफ करायचं थांबवलं होतं. कधीपासून, ते त्याला माहीत नव्हतं. त्यानं कधी मागं वळून ऐकलंच नव्हतं.

"पुन्हा एक अहवाल काढू," तो तिला म्हणाला. "शेवटचा."

"काढा," ती म्हणाली.

[   ]

अहवाल दुपारी आला.

+ − + − −

आणि शेवटी मोकळी चौकट.

मन्मथनं उभ्या उभ्या मोजलं. बाकीची चिन्हं जशीच्या तशी होती, फक्त शेवटचा अधिक गेला होता. रिकामी जागा, उडी. पालट एक, दोन, तीन. त्यानं पुन्हा मोजलं. तीन! पुढची शून्यं तीन किंवा एक. चाराची तीन झाली होती. एक संकट गळून पडलं होतं. याचा अर्थ फोन कामी आले होते. लक्ष ठेवणं कामी आलं होतं.

तो पायात चप्पल अडकवून खाली गेला आणि पेढे घेऊन आला. निकाल लागल्यावर क्लासमध्ये वाटतात तसे, खोक्यातले.

शांभवी जेवणाच्या टेबलाशी बसली होती. पायाशी तिची सोलापूरची बॅग होती, नेहमीपेक्षा मोठी. ती त्याला दिसली नाही.

"तीन झाली!" त्यानं खोकं उघडून तिच्यासमोर सरकवलं. "चार होती ना? बघ, तीन! कमी व्हायलीत!"

तिनं फोन घेतला आणि बराच वेळ पाहिला.

"ही चौकट कशाची, सर?"

"स्थिरपदाची. ते नाहीये. रिकामी जागा असली की—"

"उडी," ती हळूच म्हणाली.

मग तिनं फोन दोघांच्या मधे ठेवला.

"मोजा. पुढं किती?"

"तीन. किंवा एक."

"मागं?"

"एक."

"कमालच धरा, तुम्हाला आवडतं ते. किती झाली?"

"चार."

"पाचव्या कोटीला शून्यं किती?"

"पाच."

"मग पाचवं कुठं गेलं?"

"ते कॉम्प्ले—" मन्मथ थांबला.

"कॉम्प्लेक्स एकटं हिंडत नाही," शांभवी म्हणाली. "जोडीनं जातं. नवीन लग्न झाल्यासारखं. मग पोरं हसतात. तो हशा मी कितीदा साफ केलाय, सर."

त्यानं फोन ओढून घेतला. स्थिरपद नाही, उरलेल्या प्रत्येक पदात x आहे. म्हणजे x च्या जागी शून्य घाला, प्रत्येक पद शून्य होतं, सगळी बहुपदी शून्य होते. शून्य धनही नाही आणि ऋणही नाही. चिन्हांचा नियम त्याला मोजतच नाही. तो फक्त पुढचं आणि मागचं मोजतो, जसा मन्मथ इतके दिवस मोजत होता. चौथं शून्य गळून पडलं नव्हतं. ते येऊन पोचलं होतं.

"आज," तो म्हणाला.

"आज."

पंखा फिरत होता. पेढ्यांच्या खोक्याचा कागद मधूनमधून उचलला जात होता.

"आणि मागचं?" त्याच्या तोंडून निघून गेलं. अजूनही.

शांभवीनं त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही. तपासणीत एखाद्या म्हाताऱ्याला सगळ्यांत मोठा आवाजही ऐकू येत नाही, तेव्हा ती पाहायची तशी.

"पट्ट्यानं मागचे दिवस कुठून भरले? पहिल्या कॉलपासून. आठवतो तुम्हाला तो? मी केला होता. 'बिडवे का? तुमच्या आईंचं कानाचं मशीन आलंय, घेऊन जा.' तुम्ही म्हणालात, 'कोण बोलतंय?' मी नाव सांगितलं. त्या क्षणी तुम्ही माझे कोण होता, सर? कुणीच नाही. तिथं शून्य असणारच की! तिथून वर आले मी."

ती उठली.

"इतके दिवस ज्याच्यावर जळत होता ना, तो तुम्हीच."

तिनं मनगटावरचा पट्टा सोडला आणि खोक्याशेजारी ठेवला. त्याखालची कातडी पांढरी पडली होती. बॅग उचलली.

"परत कधी?" मन्मथनं विचारलं.

"पर्याय देऊ नका," ती म्हणाली. दारापर्यंत गेली, परत आली, एक पेढा उचलला आणि गेली.

मन्मथनं खोक्याचं झाकण उलटं केलं आणि आतल्या पांढऱ्या बाजूवर पेनानं एक आडवी रेघ मारली. तिच्या मधोमध आजचा ठिपका. x चं चिन्ह उणे, म्हणजे या ठिपक्यातून वक्र खाली जातोय. ते त्याला माहीत होतं, आत्ताच दार वाजलं होतं. पण सगळ्यांत मोठ्या घाताचं चिन्ह अधिक. म्हणजे फार दूर उजवीकडं वक्र वर असणार. खाली गेलेला वक्र वर यायचा तर त्यानं रेघ ओलांडायलाच हवी, कुठं ना कुठं.

तीन किंवा एक.

पहिल्या अहवालात चार होती, दोन होती, किंवा एकही नाही. आता 'एकही नाही' हा पर्याय उरलाच नव्हता. पुढं निदान एक शून्य होतंच, आणि ते खालून वर येणारं. शून्य या शब्दाची त्याला इतके दिवस धडकी भरत होती. आता त्याला तेच हवं होतं, निदान एक.

कधी, ते कायदा सांगू देत नव्हता. पुढच्या महिन्यात असेल, किंवा अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं त्या हद्दीपलीकडं, जिथं वक्रावर विश्वास ठेवू नये असं कंपनीच म्हणते. टेबलावरचा पट्टा काही सांगणार नव्हता. मनगटाशिवाय त्याला काहीच कळत नाही.

फोन लावायची वेळ झाली. हात गेला. सोलापूरच्या वाटेवर ती एकटी असेल का? तिथं कोण घ्यायला येईल? उद्या तिचा आवाज कुणाच्या तरी कानात पहिल्यांदा शिरेल, आणि शेजारी उभं राहून कुणीतरी ते बघेल. त्यानं ते प्रश्न तसेच राहू दिले आणि फोन पालथा ठेवला.

मग तो शांभवीच्या जागी जाऊन बसला आणि तिचे हेडफोन घातले. ते त्याच्या कानांना घट्ट होत होते. गेल्या आठवड्याचा तास त्यानं लावला. पंख्याची घरघर, खोकला, खडू. "...आणि एखादं पदच नसलं, जागा रिकामी असली, तर?"

"उडी!"

त्यानं मागं नेऊन पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा आवाज मोठा करून ऐकलं. तिचं खरं होतं. आधी तोच ओरडत होता. पोरं नंतर.

घरघर कशी काढतात ते त्याला माहीत नव्हतं. तो एकेक बटण लावून बघू लागला. झाकणावरची रेघ समोर होती, तिच्या उजव्या बाजूला कुठंही ठिपका नव्हता. तीन किंवा एक. त्यानं एकही पर्याय मारला नाही.